जोडदम

खुर्चीनं पाठीत ढोसलं तशी बनाक्का खारगे तिच्यावर खेकसली, "गप की गं! घेतलाय न्हवं श्वास!"

शेजारची बाई हसली. बनाक्काला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. बासष्ट वर्षं जी गोष्ट कुणी न शिकवता नाकानं नीट चालवली, ती आता फर्निचरकडून शिकायची पाळी आली होती. रंगशिखर कंपनीच्या इचलकरंजीतल्या नव्या क्रीडागारात सगळ्याच खुर्च्या अशा आगाऊ. पाठीची गादी हळूच फुगायची, हळूच बसायची. वरचे दिवे तिच्याबरोबर मंद व्हायचे, उजळायचे. बसलेलं माणूस दोन-चार मिनिटं कुरकुरायचं आणि मग आपल्याला नकळत गादीच्या तालात श्वास घ्यायला लागायचं. वीस हजार माणसं, छाती मात्र एक. लोक त्याच्यासाठीच यायचे. बाहेर पडताना चेहरे असे, जणू देवीचं दर्शन आणि दारू दोन्ही एकदम झालंय.

कंपनीचं काय विचारावं! पंचगंगा वाघिणी हा संघ कंपनीचा. त्यांच्यासमोर उभा असलेला संघही कंपनीचाच. डोक्यावरचं छत कंपनीचं, मध्यंतरात नाचणारा ऑर्केस्ट्रा कंपनीचा, भेळेतला चिरमुरासुद्धा कंपनीचा. पोरींच्या अंगातला घाम तेवढा त्यांचा स्वतःचा, असं बनाक्का म्हणायची. तेही कंपनीच्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात.

खाली मॅटवर तिची सून ईश्वरी चढाईला निघाली. निघण्याआधी तिनं नेहमीसारखं वर बघितलं, सासूच्या खुर्चीकडे. बनाक्कानं हनुवटी हलवली. ईश्वरीनं मध्यरेषा ओलांडली.

"कबड्डी कबड्डी कबड्डी..."

ह्या लीगनं जुना कडक नियम परत आणला होता. एकदा पलीकडे पाऊल पडलं की परत येईपर्यंत एकच दम. गळ्याला पट्टी असायची; चोरून अर्धा श्वास घेतला तरी ती लाल व्हायची आणि पोरगी बाद. ईश्वरीची पट्टी हिरवीच होती. तिचा आवाज छतातून घुमत होता, वीस हजार माणसं तिच्याबरोबर श्वास सोडत होती, आणि बनाक्काचे ओठ हलत होते. आवाज नाही, नुसते ओठ. कबड्डी कबड्डी कबड्डी. डाव्या कोपऱ्यातली पुढे सरकली. ईश्वरीनं तिच्या मनगटाला हात लावला, दुसरीच्या गुडघ्याला पाय लावला, मागून आलेलीच्या अंगावरून उडी टाकली आणि रेषेवर आडवी पडली. बनाक्काचा दम त्याच क्षणी संपला.

वीस हजार माणसांनी एकदम श्वास आत ओढला. क्रीडागारातली हवा कुणीतरी बादलीनं उपसल्यासारखी झाली.

"बघा, खारग्यांची सून!" बनाक्का शेजारणीला म्हणाली. "चपाती अजून नकाशासारखी करतीया. पण चपाती बघाय कोण येतंय हितं?"

ही सून तिनं स्वतः निवडली होती. पोराला, केदारला, घेऊन ती जयसिंगपूरला मुलगी बघायला गेली ती मैदानावरच. पोरीच्या बापाला शिक्षण विचारलं नाही, पत्रिका विचारली नाही. सामना संपल्यावर घामेजलेल्या पोरीला गाठून म्हणाली, "डावा पाय आखडता घेतीस. दुखतोय का भितीस?" पोरगी म्हणाली, "भिती." बनाक्कानं तिथंच ठरवलं. खरं बोलणारी सून मिळायला नशीब लागतं.

ती स्वतः लग्नाआधी मंडळाकडून खेळायची. चौथीतून शाळा सुटली तरी मैदान सुटलं नव्हतं; ते लग्नानं सोडवलं. मग उभं आयुष्य यंत्रमागांच्या शेडमध्ये गेलं, जिथं शेजारच्याला हाक मारायची तर बेंबीच्या देठापासून ओरडावं लागायचं. त्यातच तिचा दम वाढला. नवरा गेला, माग विकले, शेड रिकामी झाली. तिथं तिनं जुनी मॅट अंथरली आणि सुनेला शिकवायला लागली. बाकीचे मास्तर शिट्टी वाजवत. बनाक्काची पद्धत वेगळी. ती रेषेवर उभी राहायची आणि ईश्वरीबरोबर स्वतः मोठ्यानं 'कबड्डी' म्हणायची. सासूचा दम चालू आहे तोवर सुनेनं आत राहायचं. सासूचा दम संपत आला की परत फिरायचं. ह्याला ती जोडदम म्हणायची. मोठ्या सामन्यांना रेषेवर उभं राहता येत नाही म्हणून ती खुर्चीत बसून ओठ हलवायची. सवय ती सवय.

*

त्याच आठवड्यात डॉक्टर तन्वी मालाणी शेडवर आली. कंपनीत तिचं काम श्वासांचं. मालाण्यांकडून खारग्यांच्या मागांना सूत यायचं, त्यामुळे बनाक्कानं तिला झबल्यात बघितलेलं.

"सूत इकून झालं, आता श्वास इकाय लागलासा व्हय गं?" बनाक्कानं बसायला पाट सरकवला.

तन्वी हसली. पाटावर बसताना तिची पँट ताणली तरी बसली. "अक्का, तुमच्याशी एक बोलायचंय. रागावणार नसाल तर."

"रागावल्यावर कळंलच तुला. बोल."

"टाळ्या ऐकल्यात ना गर्दीच्या? आधी सगळे आपापल्या वाजवतात. मग कुणी न सांगता एका ठेक्यात येतात. श्वासाचंही तसंच आहे. लेकराला कुशीत घेतलं की हळूहळू दोघांचा श्वास जुळत जातो. माणसाच्या अंगातच ते आहे. आम्ही नवीन काही घातलं नाही. झोपाळ्याला बरोबर वेळेला हात लावला की थोड्याशा हातानं मोठा झोका येतो ना, तसा खुर्चीच्या गादीनं आम्ही तेवढा हात लावतो."

"ते कळलं. माझ्या पाठीला रोज लागतोय तो हात."

"पण झोका कुणाच्या तालात द्यायचा? सुरुवातीला वाटलं, चढाई करणारीचा श्वास घेऊ. जमेना. तिचा श्वास आम्हाला कळेपर्यंत तो होऊन गेलेला असतो. वीस हजार गाद्या हलेपर्यंत शिळा. मग यंत्राला सांगितलं, गर्दीतच शोध. ज्याचा श्वास खेळाडूच्या केसभर आधी चालतो असा माणूस शोध आणि त्याच्या मागं बाकीच्यांना ने. यंत्र प्रत्येक सामन्यात नव्यानं शोधतं." तन्वी पाटावर पुढे सरकली. "ईश्वरीच्या प्रत्येक सामन्यात त्याला एकच खुर्ची सापडते, अक्का. तुमची."

बनाक्का शेंगा फोडत होती. तिचा हात थांबला.

"म्हंजे माझ्या मागनं ती सगळी गर्दी?"

"हो."

"आमदाराच्या मागनं एवढी न्हाईत."

"नाहीत."

बनाक्कानं शेंगदाणा तोंडात टाकला आणि शांतपणे चावला. मग तिला जे विचारायचं होतं ते विचारलं. "आणि ईश्वरी?"

तन्वीनं शेडच्या टोकाला बघितलं. तिथं ईश्वरी दोरीवरच्या उड्या मारत होती, कानात गाणी. "गर्दीचा श्वास जमिनीतून घुमतो. मॅटवर अनवाणी उभं राहिलं की तळव्यांना कळतो. खेळाडूला वाटतं, आज अंगात जोर आलाय. ती गर्दीच्या मागनं जाते."

"म्हंजे माझ्या मागनं."

"तसं म्हणा."

त्या दिवशी बनाक्कानं ईश्वरीला काही सांगितलं नाही. सांगायचं कारणच दिसलं नाही. मास्तरणीचा दम शिष्येला लागला, यात वाईट काय? उलट पुढच्या सामन्याला कंपनीनं तिला मॅटसमोर मखमलीची खुर्ची दिली. मोठ्या पडद्यावर तिचा चेहरा आला, खाली अक्षरं: 'दमाची आई'. ती तिनं एक-एक करून वाचली आणि पदर सारखा केला. गल्लीतल्या बायका नळावर बाजूला सरून तिला आधी घागर भरू द्यायला लागल्या. मंडळाच्या म्हाताऱ्या अध्यक्षानं, ज्यानं लग्नानंतर तिचं नाव संघातून काढलं होतं, रस्त्यात गाडी थांबवून नमस्कार केला. बनाक्कानं तो घेतला आणि म्हणाली, "गाडी कडंला घ्या, मागनं लोकं वरडायल्यात."

पण एक झालं. श्वास ही अशी चीज आहे की तिच्याकडे बघितलं नाही तर ती आपली आपण चालते. एकदा बघितलं की तिला हात धरून चालवावं लागतं. भाकरी थापताना बनाक्काला वाटायचं, आता आत घेतला का बाहेर सोडला? दूध उतू जायचं. देवीपुढे बसली की देवी बाजूला आणि नाकपुड्या समोर. केदार म्हणाला, "आई, दवाखान्यात दाखवूया का? सारखी उसासे टाकतीयास."

"उसासे न्हाईत ते. एका उसाशाला वीस हजार माणसं हलत्यात माझ्या."

केदारनं बायकोकडे बघितलं. बायकोनं खांदे उडवले.

आणि एका सकाळी सरावाला बनाक्कानं मुद्दाम तोंड मिटून घेतलं. काय होतंय बघू म्हणून. ईश्वरी रेषा ओलांडून गेली, "कबड्डी कबड्डी कबड्डी", चार पावलं आत, आणि मधेच अशी थबकली, जणू जिना उतरताना पायरी चुकली. मान वळवून मागं बघितलं. दम तुटला.

"आत्ती, तुमी थांबलासा व्हय?"

"घसा बसलाय माझा. तू जा की एकटी."

ईश्वरी परत गेली. परत तिथंच थबकली. तिसऱ्यांदा गेलीच नाही. रेषेवर उभी राहून नखं खायला लागली. "आज अंगच न्हाई," ती म्हणाली.

अंग होतं. बनाक्काला चांगलं दिसत होतं. दंड, मांड्या, नजर, सगळं होतं. नव्हतं ते एवढंच, की कधी परतायचं हे पोरीला माहीतच नव्हतं. ते ठरवायची तिची सवयच मोडली होती. लग्न होऊन आल्यापासून ते सासूनं ठरवलेलं.

*

उपांत्य सामन्याला बनाक्काला ठसका लागला.

कंपनीच्या भेळेतलं शेंगदाण्याचं एक टरफल, बस्. ईश्वरी आत होती, दोघींना हात लावून तिसरीकडे वळलेली, आणि बनाक्काच्या घशात ते टरफल चिकटलं. तिनं दाबायचा प्रयत्न केला. डोळ्यांत पाणी आलं. मग खोकला फुटला.

पाठीच्या गाद्या धडकल्या. दिवे लुकलुकले. पुढच्या रांगा खोकल्या, मागच्या खोकल्या, वरच्या गॅलरीतल्या खोकल्या. वीस हजार माणसं एका टरफलापायी छाती धरून वाकली. आणि खाली ईश्वरी, जिच्या घशात काहीच नव्हतं, मधेच उचकी लागल्यासारखी हलली. पट्टी लाल झाली. चौघी तिच्या अंगावर पडल्या.

सामना वाघिणींनी जिंकला, पण ते बनाक्काला नंतर कळलं. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. शेजारचा माणूस डोळे पुसत हसून म्हणाला, "काय मज्जा आली हो! सगळ्यांना एकदम!" त्याला ती कंपनीची गंमत वाटली होती.

दुसऱ्या दिवशी तन्वी मध, घशाचा फवारा आणि एक प्रस्ताव घेऊन आली.

"अक्का, अंतिम सामना भीमा रणरागिणींशी आहे. तोही आपलाच संघ."

"तुमचा. आपला म्हणू नको."

"आमचा. कोण जिंकतं याच्याशी कंपनीला काही देणंघेणं नाही, खरंच नाही. पण गेल्या वर्षी अंतिम सामना एकतर्फी झाला. मध्यंतरानंतर लोक उठून गेले. तसं नको." तिनं मधाची बाटली विनाकारण सरळ केली. "मध्यंतरानंतर तुम्ही दम जरा आखूड धरायचा. थोडासाच. ईश्वरी थोडी लवकर फिरेल, गुण थोडे कमी येतील. सामना शेवटच्या चढाईपर्यंत जाईल. शेवटच्या चढाईला पाहिजे तेवढा लांब धरा."

बनाक्कानं मधाची बाटली तिच्याकडे सारली. "ह्याला काय म्हणत्यात, ठावं हाय का तुला?"

"फिक्सिंग म्हणजे खेळाडूला सांगणं, अक्का. खेळाडूला आम्ही काहीच सांगत नाही. तिला हे माहीतसुद्धा नाही. प्रेक्षकानं श्वास किती लांब घ्यावा, याचा कायदा कुठंय?"

"तुझ्या बापानं कधी सुतात वजनाला पाणी मारलं न्हाई."

तन्वीचा चेहरा उतरला, पण ती उठली नाही. "मला वरून सांगितलंय तेवढं तुम्हाला सांगितलं. तुम्ही बसला नाहीत तर यंत्र दुसरं कुणीतरी शोधेल. कोण सापडेल आणि त्याचा श्वास कुठं नेईल, मला सांगता येणार नाही. ईश्वरीला अवघड जाईल. सामना बघायला भारतीय संघाची निवड समिती येणार आहे, तुम्हाला माहीत असेलच."

"मध ने तुझा," बनाक्का म्हणाली. "फवारा ठेव."

*

अंतिम सामन्याच्या सकाळी ईश्वरी चहा पीत होती. बनाक्कानं समोर बसून सगळं सांगून टाकलं. टाळ्या, झोपाळा, गाद्या, तळवे, टरफल. आखूड दमाची गोष्टही. आयुष्यात ती कधी आवाज खाली करून बोलली नव्हती; त्या सकाळी बोलली.

ईश्वरीनं कप खाली ठेवला.

"कदीपासनं ठावं हाय तुमास्नी?"

"मालाण्याची पोरगी आली त्या दिवसापासनं."

"आणि पडद्यावर तोंड बघत बसलासा."

"बसले. खोटं कशाला बोलू?"

"म्हंजे त्या सगळ्या चढाया तुमच्या."

"पाय तुझे होते गं. हात तुझे होते."

"बैलाचे बी पाय बैलाचेच असत्यात, आत्ती."

सुनेनं असं तोंड वर करून बोलल्यावर एरवी बनाक्कानं घर डोक्यावर घेतलं असतं. आता तिनं फक्त म्हटलं, "आज मी येत न्हाई. तुझी तू खेळ."

ईश्वरी ताडकन उठली. "असं कसं येत न्हाई? आज समिती हाय! येवडी वर्षं मला एकटीला जाऊ दिलं न्हाईसा आणि आजच सोडतायसा? तुमी बसायचं. आखूड करू नकासा, लांब बी करू नकासा. हाय तसं धरायचं."

"अगं पर तुझा दम..."

"कुणाचा का असंना! लाल न्हाई झाला म्हंजे झालं. मला इंडियाचा टी-शर्ट पाहिजे." तिचा आवाज चिरकला. "मला भ्या वाटतंय, आत्ती. शेडमधी तुमी गप बसला त्या दिवशी मला वाटलं, आपण ह्याच्याआधी कधी खेळलोच न्हाई."

खरं बोलणारी सून. बनाक्का उठली आणि तिला जवळ घ्यावं म्हणून हात पुढे केला. तो मधेच थांबला. तिनं कप उचलून मोरीत ठेवला.

"बसते," ती म्हणाली.

*

क्रीडागार तुडुंब. मध्यंतरापर्यंत बनाक्कानं आपला दम आहे तसा ठेवला. ईश्वरी पाण्यातल्या मासोळीसारखी खेळली. वाघिणी पुढे होत्या. ऑर्केस्ट्रा नाचून गेला. समितीची तीन माणसं पहिल्या रांगेत काहीतरी टिपत होती. त्यांच्या पाठीही इतरांबरोबरच फुगत होत्या.

मध्यंतरानंतर तन्वी येऊन शेजारी वाकली. "अक्का..."

"सरक. दिसंना झालंय."

बनाक्कानं आखूड केला नाही. तिनं तसाच ठेवला. पण भीमा रणरागिणींच्या पोरी काय झोपल्या नव्हत्या. त्यांची एक लांब टांगांची चढाईवाली सारखे दोन-दोन गुण नेत होती. आघाडी संपली. बरोबरी झाली. शेवटच्या चढाईला वाघिणी एका गुणानं मागे पडल्या. सामना आपला आपणच रंगला होता. कंपनीला जे पाहिजे होतं ते कंपनीनं काही न करता झालं, आणि ह्याचा बनाक्काला अतोनात राग आला. इतका वेळ तिला वाटत होतं, तिनं दोर घट्ट धरलाय म्हणून बैल सरळ चाललाय. तिनं काही धरो, काही सोडो, खेळ आपल्या वाटेनं निघाला होता.

ईश्वरी शेवटच्या चढाईला रेषेवर आली. तिनं वर बघितलं.

आता बनाक्काची हनुवटी हलायची. पण बनाक्काला एकदम दिसलं की ही पोरगी भारताचा टी-शर्ट घालून कुठल्या तरी परक्या देशात अशीच रेषेवर उभी आहे, वर बघतेय, आणि तिथं खुर्चीत कुणी नाही. आज नाही, तर उद्या. बासष्टाव्या वर्षी माणसाचा दम किती दिवस पुरतो? आणि पुरला तरी, तो घ्यायला उद्या कोण पाटावर येऊन बसेल आणि किती इंच आखूड मागेल?

ती उठली.

गादीनं मागून ढोसलं. ती पुढे झाली. "अक्का, बसा! अक्का!" तन्वी ओरडली. बनाक्कानं मॅटकडे पाठ केली, कारण तोंड समोर असतं तर ओठ हलले असते, आणि पायऱ्या चढायला लागली.

"कबड्डी," मागं ईश्वरीचा आवाज आला. कापरा.

क्रीडागाराला काय करावं कळेना. गाद्या अर्ध्या फुगून थांबल्या. दिवे एकदा मंद, एकदा लख्ख. यंत्र दुसरा माणूस शोधत होतं आणि कुणावरही ठरत नव्हतं. आणि मग वीस हजार छात्या सुटल्या. कुणी शिंकलं, कुणी शिट्टी घातली, कुठलं तरी पोर भोकाड पसरून रडायला लागलं, एक म्हातारा "मार तिला, मार!" म्हणून खेकसला. असा गलका बनाक्कानं कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. मंडळाच्या मैदानावर, चुन्याच्या रेघांवर, असाच असायचा.

त्या गलक्याच्या मधोमध एक बारीक आवाज चालू होता. कबड्डी कबड्डी. बनाक्कानं पदराचा बोळा तोंडात कोंबला. ओठ तरी हलायला बघत होते. कबड्डी कबड्डी. आवाज आत गेला, डावीकडे सरकला. 'आता जा,' बनाक्का मनात म्हणाली, 'मधलीला धर, दोन मिळतील, जिंकशील.' तिचा दम असता तर ईश्वरी आत घुसली असती.

आवाज घुसला नाही. वळला. रेषेकडे यायला लागला.

बनाक्कानं तोंडातला बोळा काढला आणि गर्रकन वळली. "अगं, माघारी काय येतीस! अजून दम हाय न्हवं!"

ईश्वरी मागच्या पायावर डोलत रेषेवर आली. पट्टी हिरवी. पंचानं एक बोट वर केलं. आतली बोनसरेषा ओलांडून तिनं एक गुण आणला होता, एकच. कुणाला हात लावायला गेली नव्हती. बरोबरी. आता पाच-पाच जादा चढाया.

आणि आता बनाक्काला दिसलं की मधलीच्या दोन्ही बाजूंच्या पोरी आधीच साखळी धरून वाकल्या होत्या. तिनं 'जा' म्हटलेली जागा हा सापळा होता. वरच्या पायरीवरून, पाठ करून, नुसत्या जुन्या सवयीवर तिनं पोरीला थेट त्यात पाठवली असती.

तन्वी धापा टाकत पायऱ्या चढून आली. "अक्का, पाया पडते, पाच चढायांपुरतं बसा. यंत्र कुणालाच धरेना. लोक उठायला लागले तर वरचे मला जाब विचारतील."

बनाक्कानं खाली बघितलं. ईश्वरी मॅटच्या कडेला कमरेवर हात ठेवून उभी होती, तोंड उघडं, छाती भात्यासारखी, कुणाच्याही तालात नाही. ती रिकाम्या मखमली खुर्चीकडे बघत होती. मग तिची नजर पायऱ्यांवरून वर सरकली आणि सासूवर येऊन थांबली.

बनाक्काचा पाय खालच्या पायरीकडे निघाला. तो पाय तिचा होता, पण बोलावून घेत होती ती खुर्ची. ते पडद्यावरचं तोंड, ती घागर, तो नमस्कार. पोरीनं एकदा हनुवटी हलवली असती तर बनाक्का धावत खाली गेली असती.

ईश्वरीनं हात वर केला आणि दाराकडे दाखवला. एकदा. मग अंगणातून कोंबडी हाकलावी तसा दुसऱ्यांदा, जोरात.

"बघितलंस?" बनाक्का तन्वीला म्हणाली. "सासूला हाकलतीया. वीस हजार लोकांसमोर."

"मग?"

"मग काय? घरी आल्यावर बघते तिच्याकडं." तिनं पदर खोचला आणि उरलेल्या पायऱ्या चढायला लागली. श्वास लागला होता. दारातल्या रखवालदारानं विचारलं, "अक्का, सामना टाकून कुठं?"

"बाहेर," ती म्हणाली. "उघड की दार, बघत काय बसलाईस!"